पृथ्वीगोलावरची टिकली

मानसिंग राव जाधवांना उभ्या आयुष्यात बेंगळुरातल्या बनशंकरीच्या पलीकडे फारसं कुठे जावं लागलं नाही, पण सगळी पृथ्वी मात्र त्यांच्या अंगठ्याखालून गेली. एकदा नाही, हजारो वेळा. छत्तीस वर्षं त्यांनी शाळांसाठी पृथ्वीगोल केले. पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडायच्या, त्यावर खडूच्या पुडीचा आणि सरसाचा लेप द्यायचा, वाळला की घासून गुळगुळीत करायचा, आणि मग छापील कागदाच्या बारा फाका एकेक करून चिकटवायच्या. मोसंबीच्या फाकांसारख्याच त्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. खळीत मोरचूद घालायचं, नाहीतर झुरळं अख्खा आफ्रिका खंड फस्त करतात. आणि ओला कागद ताणला जातो, बरं का! एक फाक केसभर सरकली की शेवटच्या फाकेला जागा उरत नाही, आणि प्रशांत महासागरातली दोन-चार बेटं शिवणीखाली गडप होतात. मानसिंगण्णांच्या हातून एकही बेट बुडालं नाही, असं त्यांचे मालक रंगप्पा सगळ्यांना सांगत. कागद दाबून दाबून त्यांच्या उजव्या अंगठ्याचं पेर चपटं झालं होतं, ते आजही तसंच आहे.

अशा माणसाचं यंदा सहस्रचंद्रदर्शन ठरलं. मुलगी श्यामला मोठी हौशी. होम, वाण, शंभरेक पानांचं जेवण, जवळचाच एक हॉल, सगळं तिनं महिनाभर आधी पक्कं केलं. नात शिवानी मारतहळ्ळीला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. ती म्हणाली, आपण अज्जाची एक छोटी पुस्तिका छापू. सोळा पानांची. आलेल्या प्रत्येकाच्या हातात द्यायची.

"माझी कसली गं पुस्तिका? मी काय मंत्री आहे?" मानसिंगण्णा म्हणाले.

"मंत्री पुष्कळ असतात, अज्जा. पृथ्वी चिकटवणारा एकच," शिवानी म्हणाली. खरं सांगायचं तर त्यांना मनातून बरंच वाटलं.

शुक्रवारी शिवानी घरूनच काम करत होती. दुपारचं जेवण झाल्यावर तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पुस्तिका मोठ्यानं वाचून दाखवायला लागली. संध्याकाळी सहाला फाइल छापखान्यात द्यायची होती. पहिली आठ पानं छान गेली. शहाजी राजांच्या वेळी पूर्वज बेंगळुरात कसे आले, मानसिंगण्णा दहावीत गणितात कसे गचकले, तेविसाव्या वर्षी रंगप्पांच्या कारखान्यात कसे लागले. मानसिंगण्णा डोळे मिटून हसत होते. मग नववं पान आलं.

"एकोणीसशे नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतलं, तेव्हा कौशल्या अज्जी तिथल्या एका हॉस्पिटलात नर्स होती. अज्जाला कारखान्यात रोज तिच्याबद्दल फोन येई. अज्जी आज कुठवर पोचली, हे तो घरच्या पृथ्वीगोलावर टिकली लावून लहानग्या श्यामलाला दाखवी."

मानसिंगण्णांचं हसू मावळलं. "हे काढ," ते म्हणाले.

"का? हेच तर सगळ्यात भारी पान आहे!"

"काढ म्हटलं ना. वाद नको."

अज्जा असा तुटक कधी बोलत नसे. तेवढ्यात स्वयंपाकघरातून श्यामला हात पुसत बाहेर आली. "अप्पा, ते कसं काढायचं? ती गोष्ट तर मी अख्ख्या गल्लीला सांगितलेली. काही गाळायचं नाही हां, शिवानी, तस्संच ठेव." आणि ती परत आत गेली. झालं! मानसिंगण्णा उठले आणि आपल्या खोलीत जाऊन कॉटवर बसले. समोर कपाटावर तोच पृथ्वीगोल होता, आणि त्यावर बेंगळुरूच्या जागी मरून रंगाची बारीक टिकली, वरून वॉर्निशचा हात दिलेली.

रोज कुणाचा फोन यायचा? कुणाचाच नाही. एकही नाही. पस्तीस वर्षं ही गोष्ट त्यांनी पोरीपासून लपवली होती.

नव्वद साल म्हणजे पृथ्वीगोलवाल्यांचा जीव खाणारं साल. तोवर कसं होतं, एकदा फाका छापून आणल्या की पाच-सहा वर्षं बिनघोर. पण त्या साली जगाला काय झालं होतं देव जाणे! फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेत सत्तावीस वर्षं तुरुंगात असलेला माणूस सुटला. रेडिओवर ते ऐकताना कारखान्यात सगळ्यांचे हात थांबले होते, आणि रंगप्पांनी त्या दिवशी कधी नव्हे ती सगळ्यांना दुसरी कॉफी पाजली. मार्चमध्ये शेजारचा नामिबिया स्वतंत्र झाला, म्हणजे त्याला वेगळा रंग आला. मे महिन्यात दोन येमेनचं एक येमेन झालं, म्हणजे मधली रेघ मिटवायला पट्टी आली. जूनमध्ये फुटबॉलच्या वर्ल्ड कपात कॅमेरूननं अर्जेंटिनाला हरवलं आणि गल्लीतला जो तो येऊन विचारायला लागला, "मानसिंगण्णा, हे कॅमेरून कुठं आलं हो?" त्यांनी दहा-पंधरा जणांना तरी ते दाखवलं असेल. तेव्हा तयार गोलांवर अशा छापील पट्ट्या बसवायचं काम त्यांच्याकडेच असे. पट्टी अशी बसवायची की बोट फिरवलं तरी कड लागू नये. त्यांना त्याचा अभिमान होता. देश बदलत होते आणि त्यांची कड लागत नव्हती.

मग दोन ऑगस्ट उजाडला.

कौशल्या कुवेतला जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. दोन वर्षांचा करार होता. जायच्या दिवशी सकाळी तिनं कपाळावरची टिकली काढून आरशाच्या कडेला चिकटवली, नवी लावली, आणि गेली. बायका लावतात तशीच. पण मानसिंगण्णांनी ती टिकली कुणाला काढू दिली नाही. आरसा पुसायचा तर तेवढी जागा सोडून.

कुवेत गेलं म्हणून रेडिओनं सांगितलं. तारा बंद, पत्रं बंद. पोस्टातून हॉस्पिटलचा नंबर लागेना. श्यामला अकरा वर्षांची. शाळा सकाळची, दुपारी बाराला अप्पांचा डबा कारखान्यात पोचवायची आणि घरी येऊन वाट बघायची. संध्याकाळी एकच प्रश्न: "अप्पा, अम्माचं काही कळलं?" दहा दिवस ते "नाही" म्हणाले. अकराव्या दिवशी पोरगी जेवता जेवता थांबली, हात ताटात तसाच ठेवून नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशीच्या कन्नड पेपरात बातमी होती. कुवेतमधली आपली माणसं बसनं बसरा, बगदाद करत जॉर्डनमधल्या अम्मानला निघालीत, तिथून मुंबईला विमानं आहेत. मानसिंगण्णांनी आरशावरची टिकली नखानं अलगद सोडवली. आणि संध्याकाळी श्यामलाला जवळ बोलावून म्हणाले, "आज कारखान्यात फोन आला होता. अम्मा निघाली. हे बघ, बसऱ्याला पोचली."

श्यामलानं टिकलीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "फोन आला?"

"हो. मालकाच्या ऑफिसात."

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली, आणि त्या दिवशी जेवली.

त्या दिवसापासून हे सुरू झालं. पेपर वाचायचा, बस किती चालते त्याचा अंदाज बांधायचा, आणि सूतभर टिकली सरकवायची. आज बगदाद. आज वाळवंट, तिथं तंबूत मुक्काम. टिकलीचा गोंद संपला, मग ते तिला खळ लावायला लागले. खरं सांगायचं तर हळूहळू त्यांनाही ते खरं वाटायला लागलं होतं. सकाळी आंघोळ, देवाला दिवा, आणि मग थेट पृथ्वीगोलापुढे. बायको आज इथवर आली असेल, असं ते स्वतःलाच सांगत.

ऑगस्ट संपता संपता इराकनं जाहीर केलं की कुवेत हा आता आमचा प्रांत. त्याच आठवड्यात एका शाळेची पन्नास गोलांची ऑर्डर निघायची होती. रंगप्पा आले आणि म्हणाले, "मानसिंगण्णा, कुवेतवर इराकचा पिवळा ठिपका मारून टाका. स्वल्प काम आहे. पुढं कुणी नावं ठेवायला नको."

"नाही मालक."

रंगप्पांना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. बावीस वर्षांत हा माणूस 'नाही' म्हणाला नव्हता. "अहो, मुगाच्या दाण्याएवढी जागा!"

"त्या मुगात माझी बायको आहे," मानसिंगण्णा म्हणाले. "तुम्ही दुसऱ्या कुणाला सांगा. माझ्या हातानं ते बुजवलं जाणार नाही."

रंगप्पा निघून गेले. पन्नासच्या पन्नास गोल कुवेतसकट शाळेला गेले.

इथवर सगळं ठीक होतं. पण टिकली अम्मानला पोचली आणि मानसिंगण्णा फसले. पुढे फक्त विमान. विमानाला काही तासच लागतात, म्हणजे आता अम्मा घरी यायलाच हवी! आणि खऱ्या कौशल्येचा तर पत्ता नाही. ते म्हणाले, रांग मोठी आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, विमानाचा नंबर लागायचाय. असे नऊ दिवस टिकली अम्मानमध्ये. घास त्यांच्या घशाखाली उतरेना. आपणच पोरीला आशेला लावलं आणि आता आपणच तिला कड्यावर आणून उभं केलं, हेच डोक्यात. ती मेली असेल तर? हा प्रश्न ते कुणापुढे बोलले नाहीत.

दहाव्या दिवशी ते कामावरून आले. ताट वाढलेलं होतं. पृथ्वीगोलावर टिकली अम्मानला नव्हती. श्यामलानं ती बेंगळुरूवर आणून चिकटवली होती, भरपूर खळ लावून.

"आली अम्मा," ती म्हणाली. "आता जेवा तुम्ही."

पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला, असं त्यांना वाटलं. आई न येताच आली म्हणते! आपल्या खोटेपणानं केलं हे. त्यांनी टिकलीला हात लावला नाही, आणि श्यामलानंही त्यानंतर एकदासुद्धा विचारलं नाही. तिचं ते गप्प राहणं त्यांना जास्त जाळत होतं.

पुढे तीन आठवड्यांनी, जर्मनी एक झाली त्या आठवड्यात, ते दोन जर्मनींमधली रेघ झाकायच्या पट्ट्या बसवत होते, तेव्हा रंगप्पा धोतर सावरत धावत आले. मुंबईहून ट्रंक कॉल. कौशल्या होती. एवढंच म्हणाली, "उद्याच्या गाडीत बसते. श्यामू जेवते ना?"

घरी आल्यावर तिनं सांगितलं. सप्टेंबरच्या एकोणतीस तारखेपर्यंत ती कुवेत सोडून हललीच नव्हती. हाडांच्या वॉर्डात अकरा पेशंट होते, उठता न येणारे, त्यांची सोय लागेपर्यंत त्यांना टाकून कशी निघणार? म्हणजे टिकली बगदादला होती तेव्हा कौशल्या कुवेतमध्ये. टिकली अम्मानला, तेव्हाही कुवेतमध्ये. मानसिंगण्णांनी तिला सगळं सांगितलं आणि विनवलं, श्यामूला सांगू नको. कौशल्या त्या टिकलीकडे बघून आधी हसली, मग डोळ्यांना पदर लावून बराच वेळ रडली. तिनं शब्द पाळला. सहा वर्षांपूर्वी गेली, तोवर कुणी त्या फोनांचा विषय काढला की ती उठून कॉफी करायला जायची.

आणि श्यामला? ती मोठी झाली, लग्न झालं, लेकीची आई झाली. घरात काही अडलं की तिचं एकच पालुपद: "अप्पांनी सांगितलं ना? मग झालं." नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा तेच. आईच्या आजारपणात डॉक्टर एक म्हणत, अप्पा एक म्हणत, तेव्हाही तेच. या एका वाक्यावर मानसिंगण्णांचं म्हातारपण उभं होतं. आणि ते वाक्य उभं होतं एका थापेवर. तीच थाप आता छापली जाणार, शंभर माणसांच्या हातात जाणार, आणि आपण गळ्यात हार घालून समोर बसणार. छे! थाप मारली ती पोरीसाठी. पण ती छापून वाटायची? एवढा निर्लज्जपणा त्यांच्यानं होणार नव्हता. आणि खरं सांगावं तर पोरगी आपल्या बोलण्यावर पुन्हा कधी विश्वास ठेवेल का?

साडेचार झाले. मानसिंगण्णांनी पृथ्वीगोल उचलला आणि बाहेर आले.

श्यामला चटईवर बसून ओटीचं सामान पिशव्यांत भरत होती. शिवानी खुर्चीत. त्यांनी गोल दोघींच्या मधे ठेवला. गोल जरा फिरला आणि थांबला.

"श्यामू, ते पान काढायचं ते अशासाठी," ते म्हणाले, "की फोन आले नव्हते. एकही नाही. अम्मा कुठं होती मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. पेपर वाचून मी टिकली सरकवत होतो. तुला फसवलं मी. रोज फसवलं."

श्यामलानं हातातला खण नीट घडी करून पिशवीत ठेवला.

"मला माहीत आहे, अप्पा."

"काय माहीत आहे?"

"फोन आले नव्हते ते. पहिल्याच दिवसापासून." ती शांतपणे बोलत होती. "तुमच्या कारखान्याचा फोन तेव्हा बंद होता की. बाहेर रस्ता खणला होता, केबल तुटलेली. मी रोज डबा घेऊन येत होते ना? मीच रंगप्पांना विचारत होते, फोन आला का हो. ते बिचारे रोज रिसीव्हर उचलून माझ्या कानाला लावायचे. काही आवाजच नाही. सप्टेंबर अर्धा झाला तेव्हा कुठे तो चालू झाला."

मानसिंगण्णा चटईवरच बसले. खणलेला रस्ता त्यांना आठवला. लाल मातीचा ढीग, त्यावरून टाकलेली फळी. केबलचं ते विसरूनच गेले होते. थाप मारताना माणसानं निदान फोन तरी चालू आहे का बघावं!

"मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार? त्याआधी दहा दिवस तुम्ही कामावरून आलात की नुसते भिंतीकडे बघत बसायचा. दाढी नाही, दिवा नाही. त्या टिकलीपासून तुम्ही सकाळी वेळेवर उठायला लागलात. आंघोळ करून आधी गोलाकडे जायचा. मला वाटलं, मी विचारायचं थांबवलं तर तुम्ही पुन्हा तसेच बसाल. म्हणून मी रोज विचारायची, अम्मा कुठवर आली?"

"आणि बेंगळुरूवर टिकली?"

"नऊ दिवस तुम्ही अम्मानला अडकला होता, अप्पा. खोटं पुढे सरकेना आणि मागेही घेता येईना. तुमचं ताट रोज तसंच परत जायचं." श्यामलाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तिनं ते पुसलं नाही. "म्हटलं, आपणच आणून टाकू अम्माला घरी. म्हणजे अप्पांची सुटका होईल. उद्यापासून त्यांना माझ्यासाठी काही बनवून सांगावं लागणार नाही."

अकरा वर्षांच्या त्या पोरीला तेव्हा आई जिवंत आहे की नाही हे ठाऊक नव्हतं, आणि ती बापाची सुटका करायला बसली होती! पस्तीस वर्षं ते समजत होते की आपण तिला सांभाळलं. ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडायला लागले. श्यामलानं त्यांचा हात हातात घेतला आणि चपट्या अंगठ्यावरून आपला अंगठा फिरवत राहिली.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मग ती फोनांची गोष्ट गल्लीभर सांगत का फिरलीस?"

"तुम्हाला आवडत असेल असं वाटलं. तुम्ही कधी खोडून काढली नाही ना."

"आणि ते... अप्पांनी सांगितलं ना, मग झालं?"

"ते खरंच आहे," श्यामला म्हणाली. "स्वतःला काही माहीत नसताना माझ्यासाठी रोज काहीतरी शोधून आणणारा माणूस तो. त्याच्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवू?"

घड्याळात पाच वाजून गेले होते. शिवानीनं नाक ओढलं, लॅपटॉप उघडला आणि घाबरत घाबरत विचारलं, "अज्जा, नववं पान काढू मग?"

मानसिंगण्णांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. पृथ्वीगोल जवळ ओढला, टिकलीवर अंगठा ठेवला. पस्तीस वर्षांपूर्वी कुणीतरी भरपूर खळ लावली होती, तिची कड बोटाला अजून लागत होती.

"काढू नको," ते म्हणाले. "लिही, फोन बंद होता. आणि टिकली बेंगळुरूला श्यामूनं आणली."